डिप्रेशनची गोळी आणि एडीएचडीची गोळी एकत्र : आधी नावं तर सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा या आजाराच्या) उत्तेजक गोळ्या म्हणजे स्टिम्युलंट आणि डिप्रेशनच्या गोळ्या एकत्र घेण्याबद्दल लेख आला होता, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर एका वाचकाचं पत्र छापलंत. लेखात म्हटलं होतं की ही जोडी म्हणजे सरळ विषच, आणि खाली चौकटीत सल्ला, दोन्ही चालू असतील तर आजच एक बंद करा. पत्र लिहिणाऱ्यांचं म्हणणं होतं की मी दोन्ही घेतो, डॉक्टरांनीच दिल्यात, काही होत नाही, उगाच घाबरवू नका. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, रोज प्रिस्क्रिप्शन वाचणं हाच धंदा, आणि मला दोन्ही वाचून सारखाच राग आला. कारण दोघांपैकी एकानेही गोळीचं नाव घेतलेलं नाही. कुठली डिप्रेशनची गोळी? कुठलं स्टिम्युलंट? ते माहीत नसताना "विष" पण म्हणता येत नाही आणि "काही होत नाही" पण म्हणता येत नाही. पत्र लांबणार आहे, हवं तर कापा, पण औषधांची नावं कापू नका एवढी विनंती.

सुरुवात जिथे खरंच "अजिबात नाही" म्हणायचं तिथून करते. डिप्रेशनच्या औषधांमधला सगळ्यात जुना गट म्हणजे एमएओ इन्हिबिटर, फेनेल्झिन, ट्रॅनिलसिप्रोमिन वगैरे. यातलं पहिलं औषध इप्रोनियाझिड, ते मुळात टीबीसाठी होतं, १९५० च्या दशकात टीबीचे पेशंट ते घेऊन अचानक उत्साही दिसायला लागले तेव्हा डॉक्टरांचं लक्ष गेलं. आपल्या शरीरात नॉरएपिनेफ्रिन, सिरोटोनिन, डोपामीन ही निरोप पोचवणारी रसायनं मोडून टाकणारं एमएओ नावाचं एक एन्झाइम असतं, ही औषधं तेच एन्झाइम बंद करतात. आता अशा माणसाला वरून स्टिम्युलंट दिलं तर नॉरएपिनेफ्रिन वाढतं आणि ते मोडायला कोणी नाही, बीपी एवढं वर जाऊ शकतं की मेंदूत रक्तस्राव होईल. ही जोडी प्रत्येक स्टिम्युलंटच्या माहितीपत्रकात स्पष्ट निषिद्ध लिहिलेली असते आणि एमएओ इन्हिबिटर थांबवल्यावरही १४ दिवस जाऊ द्यायचे असतात, कारण बंद पडलेलं एन्झाइम शरीराला नव्याने तयार करावं लागतं, गोळी थांबवली की ते आपोआप चालू होत नाही. हे १४ दिवस लोकांना पटत नाहीत. "गोळी तर परवाच बंद केली की!" असं म्हणतात. गोळी गेली, पण तिने केलेलं काम अजून तसंच आहे.

यातली एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते, विषयाला थोडी सोडून आहे. या गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांना भयंकर डोकेदुखी का होते ते सुरुवातीला कुणालाच कळत नव्हतं. इंग्लंडमध्ये बॅरी ब्लॅकवेल नावाचा तरुण डॉक्टर यावर लिहित होता, त्याला नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टचं पत्र आलं की माझी बायको ही गोळी घेते आणि चीज खाल्लं की तिचं डोकं असं दुखतं, काही संबंध असेल का? आधी लोकांनी थट्टेवारी नेलं म्हणतात, पण १९६३ मध्ये ब्लॅकवेलने ते छापलं आणि पुढे सिद्ध झालं, मुरलेल्या चीजमधलं टायरामीन आणि हे औषध यांची गाठ पडली की बीपी भडकतं. म्हणजे औषधांच्या भांडणाचं एवढं मोठं प्रकरण एका फार्मासिस्टच्या पत्रातून उजेडात आलं, तेव्हा माझ्याही पत्राला थोडी जागा द्या!

तुम्ही म्हणाल हा गट आता कोण देतो. डिप्रेशनसाठी फारच कमी देतात, खरंय. पण हाच गुण असलेली औषधं दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच आजारासाठी येतात. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक आहे, हट्टी इन्फेक्शनला देतात, आणि ते सौम्य प्रमाणात हेच एन्झाइम बंद करतं. मिथिलीन ब्लू, काही ऑपरेशनमध्ये आणि विषबाधेत शिरेतून देतात, तेही हेच एन्झाइम बंद करतं. पार्किन्सनसाठीचं सेलेजिलीन तर या घराण्यातलंच, आणि गंमत म्हणजे शरीरात त्याचे जे तुकडे होतात त्यात अँफेटामीनचीच भावंडं निघतात. छातीच्या इन्फेक्शनसाठी आलेल्या पेशंटला "तुमच्या मनाच्या गोळ्या चालू आहेत का" असं विचारायचं सहसा कुणाला सुचत नाही, आणि पेशंटलाही वाटतं की खोकल्याचा आणि त्याचा काय संबंध.

न विचारल्याने काय होतं याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे लिबी झायन. न्यूयॉर्कमध्ये १९८४ च्या मार्चमध्ये १८ वर्षांची ही मुलगी ताप आणि अंगाला झटके म्हणून रात्री दाखल झाली. ती डिप्रेशनसाठी फेनेल्झिन घेत होती. थरथर थांबावी म्हणून तिला पेथिडीन, म्हणजे अफूच्या घराण्यातलं दुखण्यावरचं औषध, दिलं गेलं आणि सकाळपर्यंत ताप प्रचंड वाढून ती गेली. नेमकं कशाने, यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाला, पण ही दोन औषधं एकत्र आल्याने झालं असं बहुतेक जाणकार मानतात. या प्रकरणानंतर १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने शिकाऊ डॉक्टरांचे कामाचे तास आठवड्याला ८० वर बांधले. पेथिडीन स्टिम्युलंट नाही, मला माहितीये, पण धोक्याची तऱ्हा तीच आहे, मनाच्या आजाराची गोळी एकाने दिलेली, रात्रीचं औषध दुसऱ्याने.

आता जास्त लोकांच्या कामाचं. आजकाल डिप्रेशनसाठी बहुतेकांना एसएसआरआय गटातली गोळी असते, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटीन. आणि एडीएचडीसाठी दोन घराणी, एक मिथाइलफेनिडेट आणि दुसरं अँफेटामीन, ज्यात लिस्डेक्सअँफेटामीन पण येतं. लेखात या दोघांना एकाच पारड्यात टाकलंय तिथेच मोठी गडबड आहे. मेंदूत रसायन साठणं म्हणजे बेसिन भरणं समजा, तर मिथाइलफेनिडेट मुख्यतः डोपामीन आणि नॉरएपिनेफ्रिनच्या बेसिनचं भोक अर्धवट बुजवतं, सिरोटोनिनच्या बेसिनला जवळजवळ हातच लावत नाही. अँफेटामीन भोक तर बुजवतंच पण नळही सोडतं, आणि मात्रा वाढली की सिरोटोनिनचा नळही थोडा सोडतं. एसएसआरआयने सिरोटोनिनचं भोक आधीच बुजवलेलं असतं. म्हणून मिथाइलफेनिडेट अधिक सर्ट्रालीन आणि अँफेटामीन अधिक पॅरोक्सेटीन या दोन जोड्या एकसारख्या नाहीत, आणि अमेरिकेत अँफेटामीनच्या माहितीपत्रकात सिरोटोनिन सिंड्रोमचा इशारा वेगळा छापलेला असतो.

सिरोटोनिन सिंड्रोम म्हणजे काय ते लेखात एका वाक्यात उरकलंय, मला ते जरा सविस्तर सांगायचंय कारण तो ओळखता आला तर वेळ मिळतो. त्यात तीन बाजूंनी लक्षणं येतात. मन, माणूस उगाचच अस्वस्थ, एका जागी बसवत नाही, जास्त झालं तर बरळतो. मग शरीराचा आपोआप चालणारा कारभार, घाम, धडधड, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, ताप. आणि तिसरी बाजू स्नायूंची, हीच खरी खूण, हात थरथरतात, पायाचं पाऊल वर दाबून धरलं की ते आपोआप थडथड उडत राहतं, याला क्लोनस म्हणतात, आणि हे हातांपेक्षा पायात जास्त दिसतं. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हा सिंड्रोम ओळखायचे जे हंटर निकष मांडले त्यात सगळ्यात जास्त वजन या क्लोनसलाच आहे. हे सगळं सहसा झपाट्याने येतं, नवीन गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही तासांत, बहुतेक वेळा एका दिवसाच्या आत. तीन महिने शांतपणे चाललेल्या जोडीवर काहीच न बदलता अचानक ते येणं दुर्मिळ आहे.

आणि हुकतं का, तर सौम्य असताना ते अगदी व्हायरल तापासारखं किंवा घाबरल्यासारखं दिसतं. घाम येतोय, पोट बिघडलंय, हात थरथरतायत, झोप नाही. घरचे म्हणतात टेन्शन घेतोय, पेशंट म्हणतो डिप्रेशनच वाढलं, आणि वाईटात वाईट म्हणजे कोणीतरी त्याच गोळीची मात्रा अजून वाढवतं. एसएसआरआय आणि स्टिम्युलंटच्या नेहमीच्या मात्रांवर गंभीर सिंड्रोम होणं कमी आढळतं, हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर माझ्या पत्राने पण घबराट व्हायची. पण त्यात तिसरी वस्तू पडली की हिशेब बदलतो, त्याकडे येतेच.

मला स्वतःला सिरोटोनिनपेक्षा लिव्हरची जास्त काळजी वाटते, कारण तिथला घोळ रोजच्या प्रिस्क्रिप्शनवर दिसतो आणि त्याबद्दल पेपरात कधीच येत नाही. लिव्हरमध्ये सीवायपी २डी६ नावाचं एन्झाइम आहे, बऱ्याच औषधांचा निचरा ते करतं. फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन ही तीन डिप्रेशनची औषधं या एन्झाइमला चांगलंच दाबतात. सर्ट्रालीन आणि एस्सिटॅलोप्राम नेहमीच्या मात्रेत थोडंसंच. अँफेटामीनचा काही भाग याच वाटेने जातो, त्यामुळे ही वाट अडली तर रक्तातली पातळी वाढू शकते. पण खरा फटका बसतो तो ॲटोमोक्सेटीनला. ते स्टिम्युलंट नाही, पण एडीएचडीचंच औषध आहे आणि लोक दोन्हींना "लक्ष लागायची गोळी" म्हणून एकच समजतात. कंपनीच्याच माहितीपत्रकानुसार पॅरोक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीनबरोबर घेतलं तर शरीराला मिळणारं एकूण ॲटोमोक्सेटीन ६ ते ८ पट होतं. गोळी तीच, पाकिटावरचा आकडा तोच, आणि आत मात्र ६ पट! काही माणसांमध्ये तर हे एन्झाइम जन्मतःच कमी काम करतं, त्यांना कुठलीही दुसरी गोळी न घेताच असा अनुभव येतो.

असं एक प्रकरण माझ्यासमोर आलं होतं, ओळख पटणार नाही एवढंच सांगते. एक मध्यमवयीन गृहस्थ, ॲटोमोक्सेटीन बरेच दिवस व्यवस्थित चालू, डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्राम होतं, त्याने फार फरक नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणी पॅरोक्सेटीन सुरू केलं. ॲटोमोक्सेटीनला कोणी हात लावला नाही कारण "ते तर त्यांना सूट होतंय". थोड्याच दिवसांत तोंडाला कोरड, नाडी भरभर, लघवी अडल्यासारखी, रात्रभर टक्क जागे. ते माझ्याकडे ॲसिडिटीची गोळी मागायला आले होते! प्रिस्क्रिप्शन पाहिलं, दोन्ही डॉक्टरांना फोन लावले, मात्रा कमी झाली, माणूस ठीक. दोन्ही डॉक्टर हुशार होते, एकाच्या कागदावर दुसऱ्याचं औषध नव्हतं एवढंच.

फ्लुओक्सेटीनचं अजून एक वैशिष्ट्य, ते शरीरातून लवकर जातच नाही. त्याचं जे रूपांतर होतं त्याची पातळी निम्मी व्हायलाच ४ ते १६ दिवस लागतात, त्यामुळे गोळी बंद केल्यावर काही आठवडे त्याचा परिणाम रेंगाळतो. म्हणूनच फ्लुओक्सेटीन थांबवून एमएओ इन्हिबिटर सुरू करायचं तर ५ आठवडे थांबायला सांगतात. कुणी विचारलं की "सध्या कुठली गोळी चालू आहे" तर माणूस प्रामाणिकपणे सांगतो की काहीच नाही. प्रश्न असा हवा की गेल्या दीड महिन्यात काय काय घेतलं.

बीपी आणि हृदयाचं थोडक्यात सांगते. स्टिम्युलंटने सरासरी बीपी २ ते ४ अंकांनी आणि नाडी ३ ते ६ ठोक्यांनी वाढते, हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण ती सरासरी आहे, एखाद्याचं १५ ने वाढतं आणि एखाद्याचं काहीच नाही. डिप्रेशनच्या औषधांत व्हेनलाफॅक्सीन स्वतः बीपी वाढवतं, मात्रा जास्त तसं जास्त. दोन्ही एकत्र असतील तर बीपी मोजणं हाच उपाय आहे, सुरू करायच्या आधी, नंतर, आणि मात्रा बदलली की पुन्हा. अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन, क्लोमिप्रामीन हा ट्रायसायक्लिकचा गट अजून नाजूक, त्यांचा हृदयाच्या विद्युत चालीवर थेट परिणाम होतो, आणि यांची पातळी मिथाइलफेनिडेटमुळेही वाढू शकते असा इशारा आहे. इथे ईसीजी काढला तर कोणी जास्त काळजी करतंय असं समजू नये. आणि अमिट्रिप्टिलीन आता डोकेदुखीला, नसांच्या दुखण्याला, कमी मात्रेत झोपेला पण देतात, त्यामुळे पेशंटला आपण "डिप्रेशनची गोळी" घेतोय हे माहीतच नसतं.

ब्युप्रोपिऑनची तऱ्हा निराळी. ते स्वतःच डोपामीन आणि नॉरएपिनेफ्रिनवर काम करतं, म्हणजे स्टिम्युलंटच्या जवळचं, आणि त्याचा ओळखीचा धोका म्हणजे फिट. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत हजारात एकाला, ४५० ला हजारात साधारण चौघांना, आणि त्याच्यावर गेलं की एकदम चढ. १९८६ मध्ये याच कारणाने ते अमेरिकेत बाजारातून काढलं होतं आणि १९८९ मध्ये मात्रेची मर्यादा घालून परत आणलं. स्टिम्युलंटही फिट यायची शक्यता थोडी वाढवू शकतं. त्यात माणूस रात्र रात्र जागतोय, जेवत नाहीये, किंवा नेहमीची दारू अचानक सोडलीये, तर धोका एकावर एक चढत जातो. जेवण ओकून टाकायचा आजार असेल तर ब्युप्रोपिऑन द्यायचंच नसतं, आणि स्टिम्युलंटने तर भूक मरतेच. लाजेपोटी ही गोष्ट कुणी सांगत नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, आणि ते विषबाधा वगैरे नाहीच. बऱ्याचदा दुसरी गोळी सुरू होते तीच चुकीच्या वाचनातून. स्टिम्युलंटचा असर संध्याकाळी उतरला की काही जणांना तासाभरासाठी एकदम उदास, चिडचिडं, रडू आल्यासारखं होतं. रोज त्याच सुमाराला. डॉक्टरकडे जाऊन माणूस म्हणतो मला फार उदास वाटतं, वेळ सांगत नाही, आणि डिप्रेशनची गोळी सुरू होते, जेव्हा खरं तर स्टिम्युलंटची वेळ किंवा प्रकार बदलून भागलं असतं. उलटंही होतं. एसएसआरआयने काही लोकांना एक सपाटपणा येतो, वाईट वाटत नाही पण कशातच रसही नाही, कामाला हात घालवत नाही, आणि त्याला लक्ष न लागणं समजून वर स्टिम्युलंट दिलं जातं. मग स्टिम्युलंटने झोप गेली म्हणून झोपेची गोळी, धडधड होते म्हणून अजून एक. चार गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन हातात येतं तेव्हा मला नेहमी प्रश्न पडतो की यातली पहिली कुठली होती आणि बाकीच्या तिच्या मागून आल्या का.

यात बायपोलर (कधी खूप उदास, कधी अती उत्साही होण्याचा आजार) असेल तर गोष्ट अजून वेगळी. बायपोलरमधलं डिप्रेशन दिसायला साध्या डिप्रेशनसारखंच असतं, आणि त्यात मूड स्थिर ठेवणारं औषध नसताना नुसती डिप्रेशनची गोळी किंवा नुसतं स्टिम्युलंट दिलं तरी माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, दोन्ही मिळून तर जास्तच. तीन तास झोपून ताजंतवानं वाटतंय, बोलणं थांबत नाही, पैसे उधळतोय, तर गोळी लागू पडली म्हणून आनंद मानण्याआधी डॉक्टरला कळवावं. आणि २५ वर्षांच्या आतल्या मुलांच्या बाबतीत डिप्रेशनच्या गोळीच्या पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थपणा आणि स्वतःला इजा करायचे विचार वाढू शकतात, अमेरिकेत याचा ठळक चौकटीतला इशारा २००४ पासून लहान मुलांसाठी आणि २००७ पासून २४ वर्षांपर्यंतच्यांसाठी छापला जातो. त्याच आठवड्यांत स्टिम्युलंटची मात्राही वाढवली तर अस्वस्थपणा कशाने आला ते देवालाच ठाऊक! एका वेळी एकच बदल करावा, अनुभवी डॉक्टर तसंच करतात. आणि असे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कळवायचं.

मग दोन्ही एकत्र देतातच कशाला? कारण एडीएचडी असलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांना डिप्रेशनही असतं, आणि दोन्ही आजारांचे उपचार लागतात. पत्र लिहिणारे वाचक इथे बरोबर आहेत. २०१५ मध्ये वृद्ध पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात सिटॅलोप्राम या एसएसआरआयबरोबर मिथाइलफेनिडेट दिलं तेव्हा डिप्रेशन एकट्या गोळीपेक्षा जास्त सुधारलं. पण म्हणून स्टिम्युलंट हे डिप्रेशनचं औषध होत नाही, लिस्डेक्सअँफेटामीन असंच जोड म्हणून वापरून बघायच्या दोन मोठ्या चाचण्या २०१४ मध्ये अपयशी ठरल्या आणि कंपनीने तो नाद सोडला. तेव्हा जोडी चालते, नीट निवडलेली, हळूहळू वाढवलेली, कुणीतरी लक्ष ठेवलेली. त्या वाचकांच्या डॉक्टरांनी हे सगळं बघूनच दिलं असणार. तो त्यांचा अनुभव आहे, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातात मात्र वेगळीच जोडी असू शकते.

तिसऱ्या वस्तूबद्दल म्हटलं होतं. लोकांना "कुठली औषधं चालू आहेत" विचारलं की प्रिस्क्रिप्शनवरची सांगतात, बाकीच्याला औषध म्हणतच नाहीत. खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते सिरोटोनिन वाढवतं आणि वर सीवायपी २डी६ च्याच वाटेने जातं, म्हणजे पॅरोक्सेटीनवाल्याच्या अंगात ते नेहमीपेक्षा जास्त वेळ राहतं. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलएफ्रिन, ते बीपी वाढवणारं, स्टिम्युलंटच्या जोडीला. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल तर दोन्हीकडून धोक्याचं, सिरोटोनिनही वाढवतं आणि फिटही आणू शकतं. सेंट जॉन्स वर्ट ही मूडसाठी घेतात ती वनस्पती, "नैसर्गिक आहे" म्हणून डॉक्टरला सांगत नाहीत, आणि एसएसआरआयबरोबर ती घ्यायची नसते. सोडा वगैरे असलेली ॲसिडिटीची औषधं अँफेटामीनला शरीरात जास्त थांबवून ठेवतात. आणि कॉफी, एनर्जी ड्रिंक! दिवसभर कॉफी ढोसून धडधडीची तक्रार करणारे मी मोजणं सोडून दिलंय.

चौकटीतला "आजच एक बंद करा" हा सल्ला मात्र मला खरंच धोकादायक वाटला आणि त्याची दुरुस्ती छापावी अशी विनंती आहे. पॅरोक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सीन एका दिवसात तोडलं तर दोन तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, भीतीदायक स्वप्नं, रडू, असं सगळं येऊ शकतं, आणि मूळ डिप्रेशन उलटू शकतं ते वेगळंच. स्टिम्युलंट अचानक सोडल्यावर माणूस दोन चार दिवस गळून जातो, झोपून राहतो, मन बसतं. शिवाय पॅरोक्सेटीन बंद केलं की सीवायपी २डी६ परत मोकळं होतं, आणि दबलेल्या एन्झाइमचा हिशेब धरून ठरवलेली दुसऱ्या औषधाची मात्रा एकदम कमी पडायला लागते. म्हणजे एक गोळी काढली तर दुसरीही बदलते. याला अपवाद एकच, वर लिहिलेली तीव्र लक्षणं, ताप, थरथर, बरळणं, छातीत दुखणं, फिट, तसं असेल तर पुढची गोळी न घेता थेट इमर्जन्सीत जायचं, ते ठरवायला पेपर वाचत बसायचं नाही.

शेवटी एक प्रकार, ज्याचा लेखातही उल्लेख नव्हता आणि वाचकांच्या पत्रातही. दुसऱ्याकडून मागून घेतलेली गोळी. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून एक स्टिम्युलंट घेणारी मुलं असतात, ऑफिसच्या डेडलाईनला घेणारे मोठे पण असतात. त्यातल्या कुणाची एसएसआरआय चालू असेल, कुणाची ब्युप्रोपिऑन, हे त्या मित्राला माहीत नसतं, आणि मित्राची गोळी मिथाइलफेनिडेट होती की अँफेटामीन, ४ तासांची होती की १२ तासांची, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. ही जोडी कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर येत नाही. पार्टीत एमडीएमए (एक्स्टसी हे नशेचं औषध) घेणारे तर अजून पुढे, ते सिरोटोनिनचं सगळ्यात जोरकस ढकलणारं, आणि त्यातही कोणी मोक्लोबेमाइडसारखं एमएओ इन्हिबिटर घेत असेल तर मृत्यू झालेले आहेत. अशा मुलांना उपदेश करून उपयोग नाही, ते माझं काम पण नाही. पण इमर्जन्सीत आल्यावर खरं सांगायचं, काय घेतलं, किती, किती वाजता. तिथल्या डॉक्टरला ते ओरडायला नको असतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं, कारण थरथर आणि वेदना दिसल्यावर हात सहज ट्रॅमाडॉल किंवा पेथिडीनकडे जाऊ शकतो आणि नेमकं तेच द्यायचं नसतं, शांत करणारी औषधं, अंग थंड करणं, आणि गरज पडली तर सिरोटोनिनला अडवणारं सायप्रोहेप्टाडीन अशी वेगळी दिशा घ्यावी लागते. नाव आठवत नसेल तर पाकीट बरोबर न्या, पाकीट मित्राकडे असेल तर त्याला फोन करून मागच्या बाजूचा फोटो मागवा, औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम बऱ्याचदा बारीक अक्षरात मागे असतात.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक